देखभालीचं सॉफ्टवेअर बदलायचंय? आधी पायी फिरा, मग सर्व्हरला हात लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापूरच्या एका विद्यापीठात स्थावर विभागात कनिष्ठ अभियंता असलेल्या वाचकाने विचारलंय, की त्यांच्याकडे देखभालीचं सॉफ्टवेअर, म्हणजे तक्रारी, दुरुस्त्या आणि यंत्रांच्या नोंदी ठेवणारं, २०११ सालचं आहे. एका कोपऱ्यातल्या सर्व्हरवर चालतं, डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२. आता नवी आवृत्ती घ्यायची ठरलीय. पुरवठादार म्हणतो पंधरा दिवसांत सगळं हलवून देतो. जुना सगळा डेटा घ्यावा का, सुरुवात कधी करावी, आणि वायरमन-प्लंबर मंडळी मोबाईलवर काम नोंदवतील का?

विद्यापीठाचं नाव लिहिलं नाहीत ते बरं केलंत. पुरवठादाराचं म्हणणं मात्र खोटं नाही. सॉफ्टवेअर चढवायला पंधरा दिवस पुरतात. पण त्या पंधरा दिवसांच्या आधीचे तीन महिने आणि नंतरचे सहा महिने तो मोजत नाही, कारण ते त्याचे नाहीत, तुमचे आहेत.

मी मूळचा साखर कारखान्यातला. पहिली काही वर्षं मिल आणि बॉयलरच्या देखभालीत गेली, पुढची सगळी शिक्षणसंस्थांच्या इमारती सांभाळण्यात. अशी प्रणाली मी तीनदा बदललीय. एकदा नीट झाली, एकदा कशीबशी, आणि एकदा महिन्याभरात सगळेजण गुपचूप तक्रार वहीवर परत आले. त्या फसलेल्या वेळेचंच आधी सांगतो, म्हणजे "कधी सुरू करावं" याचं उत्तर त्यातच येईल.

आम्ही १ जूनला नवी प्रणाली सुरू केली. वसतिगृहं रिकामी, वर्ग बंद, निवांतपणा आहे असा हिशेब. मृग लागला आणि पहिल्याच जोरदार सरीत तीन इमारतींच्या गच्च्या गळायला लागल्या. कंड्युटमध्ये, म्हणजे वायरींच्या नळीत, पाणी शिरून डीबी (वीज वाटणाऱ्या पेट्या) ट्रिप व्हायला लागले. त्यातच प्रवेशाची गर्दी. एरवी आठवड्यात येणाऱ्या तक्रारी एका दिवसात आल्या. आमचा लिपिक बिचारा नव्या पडद्यावर इमारत निवड, मजला निवड, खोली निवड असं करत बसलेला आणि समोर रांग. चौथ्या दिवशी त्याने ड्रॉवरमधून जुनी वही काढली आणि म्हणाला, "साहेब, आजच्या दिवस फक्त." ती वही पुन्हा आत गेलीच नाही. चूक सॉफ्टवेअरची नव्हती आणि लिपिकाची तर नव्हतीच. ऐन गाळप हंगामात मिलचा रोलर बदलायला काढणाऱ्या चीफ इंजिनिअरला कारखान्यात कुणी ठेवून घेणार नाही. आम्ही तेच केलं होतं.

तेव्हा तुमच्या विद्यापीठाचा हंगाम कोणता ते आधी कागदावर मांडा. मार्चमध्ये निधी खर्ची टाकायची घाई, सगळी बिलं एकदम. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर आणि परीक्षा चालू. पंखे, कूलर, पिण्याचं पाणी यांच्या तक्रारी थांबत नाहीत. जून ते सप्टेंबर प्रवेश आणि गळती. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, निम्मी माणसं रजेवर, आणि अग्निसुरक्षेचा सहामाही दाखलाही त्याच महिन्यात द्यायचा. उरते ती दिवाळीची सुट्टी. कारखान्याचा हंगाम तेव्हा सुरू होतो, तुमचा तेव्हा ओसरतो. वसतिगृहं रिकामी असतात, ऊन सोसवतं, खोल्या उघडून बघता येतात. फिरणं आणि मोजणं दिवाळीत उरका आणि प्रत्यक्ष सुरुवात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करा. म्हणजे मार्चची धांदल आणि उन्हाळा यायच्या आत हात बसायला तीन महिने मिळतील.

आता फिरणं-मोजणं म्हणजे काय, ते सांगतो. या सगळ्या उद्योगातलं खरं काम हेच आहे, आणि निविदेत त्याला कुणी एक ओळही देत नाही.

तुमच्याकडे डेड स्टॉक रजिस्टर असेलच. पुरवठादार त्यावरूनच यंत्रांची यादी भरू म्हणेल. भरू देऊ नका. डेड स्टॉक रजिस्टर ही पैशाची वही आहे, यंत्रांची नाही. तिच्यात एका ओळीत लिहिलेलं असतं, "वॉटर कूलर, नग २०". खरेदी एक, देयक एक, म्हणून ओळ एक. प्रत्यक्षात ते वीस कूलर वीस ठिकाणी गेलेले असतात, चार भंगारात असतात पण निर्लेखन झालेलं नसतं, म्हणजे वहीतून कमी केलेले नसतात, आणि दोनांचे कॉम्प्रेसर बदललेले असतात. देखभालीच्या प्रणालीला प्रत्येक कूलर वेगळा हवा: कुठे आहे, केव्हा बसला, एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) आहे का, मागच्या वेळी काय बिघडलं होतं. जुन्या प्रणालीतली यादीही बहुधा याच रजिस्टरवरून भरलेली असणार. ती तशीच नव्यात ओतली तर नव्या पडद्यावर जुनाच गोंधळ दिसेल.

म्हणून पायी फिरा. दोघांची जोडी करा: एक लिहिणारा, एक जुना वायरमन किंवा प्लंबर. लिहिणारा नवखा चालेल, दुसरा मात्र जुनाच हवा. कुठल्या डीबीवरून कुठल्या मजल्याची लाइन गेलीय, कुठल्या टाकीचा व्हॉल्व्ह पेव्हर ब्लॉकखाली गाडला गेलाय, कुठला बोअर उन्हाळ्यात आटतो, हे ज्ञान त्याच्या डोक्यात असतं आणि निवृत्तीच्या दिवशी नारळ-शाल घेऊन ते त्याच्याबरोबर घरी जातं. अशा एका प्लंबर मामांना मी निवृत्तीच्या आधी दोन महिने फक्त व्हॉल्व्ह दाखवत फिरवलं होतं. दुसरं काही काम दिलं नाही. वर थोडी कुरकुर झाली. पण नंतर एका रात्री मुख्य लाइन फुटली, तेव्हा पहारेकऱ्याने मोबाईलवर फोटो बघून व्हॉल्व्ह शोधला आणि बंद केला. आपल्या गावात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. भरलेली टाकी रात्रीत वाहून गेली तर दुसऱ्या दिवशी टँकर शोधत फिरावं लागतं, हे तुम्हाला सांगायला नको.

कशाची नोंद करायची आणि कशाची नाही, हाही प्रश्न येतो. उत्साहाच्या भरात लोक प्रत्येक पंख्याला क्रमांक द्यायला निघतात आणि तिसऱ्या मजल्यावर दमतात. माझा ठोकताळा साधा आहे. ज्याची ठरल्या वेळी सर्व्हिसिंग होते, ज्याचा कायद्याने दाखला लागतो, किंवा जे बंद पडलं की कुलसचिवांच्या केबिनमधून फोन येतो, त्याला स्वतंत्र क्रमांक. म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, पंप, लिफ्ट, अग्निशमनाचे पंप, आरओ, वॉटर कूलर, एसी, मुख्य पॅनेल. पंखे, ट्यूबलाइट, नळ हे खोलीच्या खात्यावर: "खोली २१४, पंखे ६". बिघडला तर तक्रार खोलीवर पडेल, तेवढं पुरे.

क्रमांक देताना एक पथ्य पाळा. क्रमांकात विभागाचं नाव घालू नका. विभाग हलतात. आज जिथे भूगोल आहे तिथे उद्या संगणकशास्त्र येईल आणि एसीवर भूगोलाचा क्रमांक राहील. साधा चढता आकडा द्या, बाकीची माहिती प्रणालीत ठेवा. इमारतींचं मात्र उलट. नकाशात "शैक्षणिक संकुल टप्पा २" लिहिलेलं असतं आणि सगळे तिला "नवी बिल्डिंग" म्हणतात, जरी तिला पंधरा वर्षं झाली असली तरी. दोन्ही नावं शोधता आली पाहिजेत. तक्रार करणारी विद्यार्थिनी "टप्पा २" टाइप करणार नाही.

लेबलांबद्दल थोडं, कारण तिथे मी हात पोळून घेतलेत. पहिल्या वेळी आम्ही कागदी क्यूआर कोड लॅमिनेट करून डकवले. गच्चीवरच्या एसींच्या बाहेरच्या युनिटवरचे कोड एका मे महिन्यात पांढरे पडले, पंपघरातले ओलीने सुटले. बाहेरच्या आणि ओल्या जागी कोरलेली ॲल्युमिनियमची पट्टी रिव्हेटने मारा. महाग पडते, पण एकदाच. कोडखाली आकडा डोळ्यांनी वाचता येईल एवढा मोठा असू द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोडमध्ये फक्त क्रमांक भरा, वेबसाइटचा पूर्ण पत्ता नको. पुरवठादार हमखास पत्ता घालून देतो, कारण दाखवायला छान दिसतं. पाच वर्षांनी तो पत्ता बदलला की परिसरातली एकूण एक पट्टी मुकी होते.

आता जुन्या डेटाकडे येऊ. सगळा घेऊ नका.

प्रलंबित तक्रारींपासून सुरुवात करा. जुन्या प्रणालीत शेकडो तक्रारी "प्रलंबित" दिसतील. त्यातल्या बऱ्याच कधीच दुरुस्त झालेल्या असतात, फक्त कुणी बंद केलेल्या नसतात. उलट "पूर्ण" दिसणाऱ्यांतल्या काही झालेल्याच नसतात. एका ठिकाणी दर आठवड्याच्या अहवालात जवळजवळ सगळ्या तक्रारी निकाली दिसायच्या, बैठकीत कौतुक व्हायचं. खोलात गेलो तर कळलं, शनिवारी संध्याकाळी लिपिक आठवड्याच्या सगळ्या तक्रारी एकदम निवडून बंद करायचा. मुलींच्या वसतिगृहातल्या एकाच वॉटर कूलरची तक्रार चार वेळा नव्याने आलेली आणि चारही वेळा "पूर्ण". म्हणून गेल्या तीन महिन्यांतल्या प्रलंबित तक्रारी जागेवर जाऊन तपासा, खऱ्या असतील त्या नव्या प्रणालीत नव्याने नोंदवा, आणि त्याआधीच्या शेरा मारून जुन्यातच बंद करा.

इतिहासातलं मोठ्या यंत्रांचं आणि जमिनीखालच्या लाइनींचं तेवढं घ्या. लाइनींचं का, ते सांगतो. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यात पुरलेल्या पाइपचे सांधे दरवर्षी असे वर-खाली हलतात आणि ठरावीक जागीच सुटतात. एका परिसरात आम्ही दहा वर्षांच्या गळतीच्या नोंदी नकाशावर ठिपके देऊन मांडल्या. ठिपके दोनच पट्ट्यांत जमले, तेही बहुतेक जून-जुलैमधले. तोवर दरवर्षी खड्डा खणायचा, सांधा बदलायचा, खड्डा बुजवायचा असं चाललं होतं. त्या पट्ट्यांत पाइपभोवती मुरूम भरून लाइन नव्याने टाकली. जुन्या डेटाचा एवढा उपयोग होतो. २०१३ साली कुठल्या खोलीत चोक बदलला याचा होत नाही. तो भाग वाचण्यापुरता जपून ठेवा, लेखापरीक्षणात कुणी मागितला तर दाखवायला.

मराठी मजकुराची मात्र पुरवठादाराला कल्पनाही नसेल, म्हणून हे लक्ष देऊन वाचा. २०११ साली आपल्या कार्यालयांत श्रीलिपी, कृतिदेव असले फॉन्ट सर्रास होते. तक्रारीचं वर्णन त्यात टाइप केलेलं असेल तर डेटाबेसमध्ये मराठी नाहीच. तिथे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा आहे, जो त्या फॉन्टमध्ये मराठीसारखा दिसतो. नव्या प्रणालीत तो चिवडा तसाच उघडा पडेल. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसेल अशा प्रमाण रूपात, बदलून देणारी साधनं आहेत, पण ज्या ओळीत निम्मं मराठी आणि निम्मं "एमसीबी ३२ अँपिअर" खऱ्या इंग्रजीत आहे, तिथे ती साधनं इंग्रजीचंही काहीतरी अगम्य करून ठेवतात. अशा ओळी हातानेच निवडाव्या लागतात. आणि युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर जर व्हारकॅर रकान्यात, म्हणजे युनिकोड न पेलणाऱ्या जुन्या प्रकारच्या रकान्यात, गेला असेल तर त्याची प्रश्नचिन्हं झालेली असतात. ती परत मराठी होत नाहीत. तुमच्याकडे असे रकाने किती, ते आजच बघून ठेवा. नव्या प्रणालीत युनिकोड पेलणारा एनव्हारकॅरच हवा, आणि स्वीकृती चाचणीत "ऱ्या" असलेला एखादा शब्द टाइप करून, शोधून, छापून बघा. पडद्यावर बरोबर आणि पीडीएफमध्ये फुटका, असं पुष्कळदा होतं. शिवाय लोक दुरुस्ती, दुरूस्ती, दुरस्ती असं तीन तऱ्हांनी लिहितात. तेव्हा तक्रारीचा प्रकार यादीतून निवडायला द्या, मोकळा मजकूर फक्त तपशिलापुरता.

शब्दांवरूनच आठवलं. परदेशी धाटणीच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये एका तक्रारीतून तयार होणाऱ्या कामाला "वर्क ऑर्डर" म्हणतात. आपल्या कार्यालयात वर्क ऑर्डर म्हणजे कंत्राटदाराला दिलेला कार्यादेश: दरपत्रकं, टिप्पणी, मंजुरी, सही-शिक्का. नव्या प्रणालीने पहिल्याच आठवड्यात "२१२ वर्क ऑर्डर जारी" असा अहवाल काढला आणि वित्त विभागातून एकजण धावत आला होता, कुणाच्या मंजुरीने म्हणून. हसायला झालं, पण दोन दिवस खुलासे करण्यात गेले. पहिल्या दिवसापासून तो शब्द बदलून "जॉब कार्ड" करून घ्या.

तांत्रिक बाजूने सांगण्यासारखं थोडंच आहे. एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२ ला मायक्रोसॉफ्टचा आधार ९ जुलै २०१९ ला संपला. त्याखाली विंडोज सर्व्हर २००८ आर२ असेल तर त्याचा १४ जानेवारी २०२० ला. म्हणजे इतकी वर्षं ते यंत्र सुरक्षेच्या दुरुस्त्यांशिवाय चालू आहे. बदल थांबवता येणार नाही, हे वरच्यांना पटवायला एवढं पुरे. पण लक्षात ठेवा, जुन्या डेटाबेसचा बॅकअप नव्या आवृत्तीवर चढवता येतो, नव्याचा जुन्यावर उतरवता येत नाही. तेव्हा "जमलं नाही तर परत जाऊ" असं कुणी म्हणालं तर परतीचा रस्ता आधी लिहून मागा. बदलाच्या शुक्रवारी जुनी प्रणाली फक्त वाचण्यापुरती करायची, शेवटचा बॅकअप घ्यायचा, तो दुसऱ्या एखाद्या यंत्रावर खरोखर उघडून बघायचा. न उघडलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही. आणि ही सगळी कवायत महिनाभर आधी एकदा रंगीत तालीम म्हणून करा. तुमच्या प्रणालीच्या मधल्या किती आवृत्त्यांवरून पायऱ्या चढत जावं लागतं, ते तेव्हाच कळतं.

जुन्या अहवालांचा मोह धरू नका. "आमचे सगळे रिपोर्ट जसेच्या तसे हवेत" अशी अट घातली की पुरवठादार त्याचे वेगळे पैसे लावतो. एका ठिकाणी साठेक अहवाल होते. कोण कुठला काढतो ते महिनाभर टिपून ठेवलं, तर जेमतेम सात वापरात निघाले. त्यातला एक कुणीतरी दर सोमवारी छापून फाइलला लावत होतं, वाचत कुणीच नव्हतं.

वायरमन-प्लंबर मोबाईल वापरतील का? वापरतात. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणारा माणूस जॉब कार्डवरही पाठवतो, फक्त त्याला छळू नका. पडद्यावर तीन गोष्टी पुरेत: कुठे जायचंय, फोटो, काम झालं. कारण-कोड, वेळेचे रकाने, साहित्याचे क्रमांक हे पर्यवेक्षकाने भरावेत. आपल्याकडे टीममध्ये मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारी माणसं एकत्र असतात. बोलताना अडत नाही, लिहिताना अडतं. म्हणून लिहिण्याऐवजी आवाज रेकॉर्ड करायची सोय असेल तर ती मागून घ्या. कंत्राटी कामगाराच्या स्वतःच्या फोनवर काम करून घेणार असाल तर रिचार्जचे पैसे कंत्राटात धरा. ते न देता वर "तुम्ही ॲप वापरत नाही" म्हणून रागावणं बरोबर नाही. आणि फोनचं लोकेशन टिपायची सोय पहिल्याच दिवशी बंद करून टाका. अधिकाऱ्यांना ती फार आवडते. पण आपल्यावर नजर ठेवायला हे आणलंय असं एकदा कामगारांच्या मनात बसलं की फोन रोज "बिघडतात". पंपघरात आणि तळघरात रेंज नसते, तेव्हा रेंजशिवाय नोंद होऊन नंतर आपोआप जाईल अशी सोय निविदेतच लिहा आणि चाचणी पंपघरात उभं राहून घ्या, कॉन्फरन्स हॉलमध्ये नको.

तक्रार बंद कोण करणार, हे ठरवणं मला सॉफ्टवेअर निवडण्यापेक्षा मोठं वाटतं. माझं मत स्पष्ट आहे: ज्याने केली त्याने बंद करावी. कारागिराने "काम झालं" म्हटलं की तक्रारदाराला संदेश जावा. त्याने दोन दिवसांत "नाही" म्हटलं तर तीच तक्रार त्याच क्रमांकाने परत उघडावी, गप्प राहिला तर आपोआप बंद व्हावी. पहिले दोन-तीन महिने निकाली निघालेल्यांचं प्रमाण घसरलेलं दिसेल. वरिष्ठांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर नव्या प्रणालीने काम बिघडवलं असा बोभाटा होईल.

त्या संदेशाचंही एक काम आधीच उरका. एसएमएस पाठवायचा तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमानुसार संस्थेची, शीर्षकाची आणि मजकुराच्या साच्याची डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या मंचावर नोंदणी लागते. पंधरा दिवसांच्या वेळापत्रकात ही कुणी धरत नाही. आणि मराठी एसएमएसमध्ये एका संदेशात ७० अक्षरं मावतात, इंग्रजीत १६०. "आपली तक्रार यशस्वीरीत्या नोंदविण्यात आलेली असून" असं सरकारी थाटात सुरू केलंत तर क्रमांक दुसऱ्या संदेशात जाईल आणि पैसे दुप्पट. "तक्रार ४५१२ झाली का? हो/नाही कळवा" एवढं पुरतं.

सुरुवात इमारतीनुसार करा, कामानुसार नको. आधी सगळ्या परिसराचं वीजकाम, मग नळकाम, असं केलं की तक्रारदाराला कळत नाही कुठे सांगायचं. एक वसतिगृह आणि एक प्रशासकीय इमारत घ्या, तिथे वही त्या दिवसापासून कुलपात. जुनं-नवं दोन्ही महिनाभर शेजारी शेजारी चालवू, असा सल्ला मिळेल. मी तो मानत नाही. एकाच लिपिकाने दोन ठिकाणी नोंद करायची म्हटली की तो थकतो, आणि थकलेला माणूस वहीच निवडतो.

सर्व्हिसिंगचं वेळापत्रक मात्र पुरवठादाराच्या तयार साच्यातून घेऊ नका. तो साचा सोलापूरचा नसतो. आपल्या बोअरच्या जड पाण्यात गीझरच्या कॉइलवर क्षार लवकर चढतात, आरओची पटलं लवकर जातात, धुळीने एसीचे फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या कितीतरी आधी बुजतात. एसीची मोठी सर्व्हिसिंग फेब्रुवारी-मार्चमध्ये, गच्चीच्या पन्हाळी आणि जलनिःसारणाची तपासणी मेमध्ये, असं आपल्या ऋतूंवर बांधा. कायद्याच्या तारखा वेगळ्या रंगात टाका: महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायदा, २००६ प्रमाणे परवानाधारक संस्थेकडून जानेवारीत आणि जुलैत द्यायचं प्रपत्र ब (वर म्हटलेला सहामाही दाखला), लिफ्टची तपासणी, विद्युत निरीक्षकाची तपासणी. आणखी एक, जे कुठल्याच साच्यात नसतं: कपॅसिटर पॅनेल दर महिन्याला बघायचं. उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे फक्त कामी आलेल्या नव्हे तर घेतलेल्या सगळ्या विजेवर, बिल येतं. कपॅसिटर मेले की पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला कामी येणारा हिस्सा, घसरतो आणि वापर तेवढाच असून बिल फुगतं. आमच्याकडे हे वित्त विभागाने बिल बघून सांगितलं होतं. लाज वाटली होती.

निविदेबद्दल दोनच गोष्टी. प्रात्यक्षिक पुरवठादाराच्या चकचकीत नमुना डेटावर नको, तुमच्या एका इमारतीच्या खऱ्या डेटावर घ्या. त्याला गुण द्या आणि केवळ सर्वांत कमी दरावर निर्णय जाऊ देऊ नका. आणि करार संपताना सगळा डेटा फोटोंसह, उघडता येईल अशा साध्या स्वरूपात विनाशुल्क परत मिळेल, ही अट घाला. सेवा क्लाउडवर असेल तर ही अट दुप्पट महत्त्वाची. विद्यार्थिनींचे मोबाईल क्रमांक आणि खोल्यांचे क्रमांक त्यात असणार, तेव्हा ते कुणाला दिसतील हेही लिहून घ्या. कंत्राटदाराच्या माणसाला खोली दिसली पाहिजे, नंबर दिसायचं कारण नाही. नॅकच्या मूल्यांकनासाठी देखभालीची व्यवस्था आणि खर्च दाखवावा लागतोच. खर्च जॉब कार्डावर चढत असेल तर त्या वेळी फायली शोधत बसावं लागणार नाही, पण केवळ तेवढ्यासाठी रकाने वाढवू नका.

राहता राहिला तो कोपऱ्यातला जुना सर्व्हर. नेटवर्कवरून काढा, पण लगेच भंगारात देऊ नका. एक लेखापरीक्षण पार पडेपर्यंत वाचण्यापुरता ठेवा, त्याआधी सगळे तक्ते साध्या फाइलींत काढून दोन वेगळ्या जागी जपा, त्यांतल्या नोंदींची संख्या जुन्याशी ताडून त्यावर दोघांच्या सह्या घ्या. आणि त्याच्या प्लगवर "काढू नये" अशी ठळक मराठी चिठ्ठी आजच डकवा. एप्रिल आला की त्या सॉकेटवर कूलर लावायला कुणीतरी येतंच.